ठिसूळ अश्मा

स्मशानात मडकं फोडायला मी हाताशी आला तो दगड उचलला. मग कळलं, हाच अश्मा. दहाव्यापर्यंत वडील म्हणून याच्यावरच तीळपाणी सोडायचं. दगड ठिसूळ निघाला. रोज पाणी पडलं की कांद्यासारखा एखादा पापुद्रा सुटायचा. गुरुजी कुरकुरले, "अहो, जरा घट्ट बघायचा नाही का?" त्या वेळी दगड पारखायचं भान कोणाला असतं!

घाटावर बसून मी समोरच्या टेकडीकडे बघत राहायचो. तीही अशीच सुटत चालली आहे. दिवसा तापते, रात्री गार पडते, बारीक भेगांत पाणी शिरतं, आतलं लोखंड गंजून तांबडं होतं. काळ्या कातळाचा मुरूम होतो, मुरमाची माती. आवाज नाही, कोणाला पत्ता नाही. त्याच मातीत आपण ज्वारी पेरतो.

मला रडू येत नव्हतं. आत्या रोज म्हणायची, "रड रे एकदाचा, मोकळा हो." मी मान हलवायचो, चहा प्यायचो, आल्यागेल्याला खुर्ची द्यायचो.

दहाव्याला कावळा शिवला. गुरुजी म्हणाले, "आता अश्मा नदीत सोडा." उचलायला गेलो तर हाती भुगाच आला. तो गोळा करून ओंजळ पाण्यात बुडवली. दगड बुडतो तसं काहीच झालं नाही. पाणी जरा वेळ तांबूस झालं आणि पुढे गेलं.

"सोडलास का रे?" आत्यानं काठावरून विचारलं.

ओंजळ केव्हाच रिकामी झाली होती. पण मला हात वेगळे करता येईनात.