खालच्या कडेची सावली

कॅमेऱ्याबरोबर एक घडीचा कागद आला होता. त्यावर फोटो काढण्याचे नियम छापलेले होते आणि पहिलाच नियम असा, की सूर्य नेहमी आपल्या पाठीशी असावा. मी शाळामास्तर. छापील नियम मोडणं माझ्या हातून होत नाही. त्यातून शाळा साडेदहाची, म्हणजे फोटो काढायचा तो सकाळी आठच्या सुमारास, नाहीतर शाळा सुटल्यावर. त्या वेळी सूर्य पाठीशी घेतला की आपलीच सावली लांबलचक पुढे पडते. माझ्या पहिल्या तीन रोलांत प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला मी असा आडवा झालेलो आहे, टोपीसकट.

ही गोष्ट दारव्ह्याची, साठ सालाच्या थोडी आधीची. लग्नात मामांनी दिलेला तो डबा कॅमेरा चार महिने ट्रंकेतच पडून होता. कधीतरी आम्ही दोघं माहूरला जाऊ, तेव्हा बाहेर काढू, असा माझा बेत. घरात काय फोटो काढायचे? मग बायकोला खोकला लागला, ताप हटेना, आणि डॉक्टरांनी क्षयाचं निदान केलं. तिला जिल्ह्याबाहेरच्या क्षयाच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठी गाडी, पुढे टांगा. तिला पोचवून मी परत आलो, कुलूप उघडलं, आणि दारात उभा राहून पहिल्यांदा कळलं की या घरात मला एकट्याला राहता येत नाही.

तिचं पत्र आलं. "इथे भिंती पांढऱ्या, चादरी पांढऱ्या. घर आठवायला बसते, पण मी तिथे राहिले चारच महिने, तेही आता पुसट होत चाललं आहे. घराचे फोटो पाठवा."

महिन्याला एक रोल मिळे, त्यात आठ फोटो. पहिला रोल घेऊन मी मोठ्या ऐटीत बाहेर पडलो. देऊळ, स्टेशन, कापसाच्या जिनाचं धुराडं, गावाबाहेरची टेकडी. तिनं उलट टपाली कळवलं, "हे सगळं कॅलेंडरावर असतं तसं आहे. माझा धुण्याचा दगड कुठे आहे?"

मी चिडलो. दीड खोलीचं घर, पुढे ओटा, मागे हातभर अंगण. त्यात दर महिन्याला आठ नवे फोटो कुठून आणायचे? पण दगडाचा काढला. काढताना दिसलं की तो एका बाजूनं झिजून गुळगुळीत झाला आहे. तो आमच्या आधीच्या भाडेकरणींनी झिजवलेला, हिनं फार तर चार महिने. मग मागच्या भिंतीला टेकवलेल्या, जळणाच्या पऱ्हाट्यांची मोळी काढली. ती गेली तेव्हा होती तेवढीच होती, कारण एकट्यासाठी चूल मी एकदाच पेटवत असे. शेजाऱ्यांच्या बैलबंडीचं चाक काढलं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचं ओकंबोकं मैदान काढलं. दोरीवर वाळत घातलेला माझा एकुलता एक सदरासुद्धा काढला.

शेजारच्या घरानं दोन वर्षांपूर्वी धर्म बदलला होता. ओसरीच्या भिंतीवरून देवांच्या तसबिरी उतरवल्या होत्या, आणि धुरानं काळवंडलेल्या त्या भिंतीवर चार उजळ चौकोन राहिले होते. बुद्धपौर्णिमेच्या आत ते चुना मारणार होते, म्हणून मी घाईनं कॅमेरा घेऊन गेलो. तिथली बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"गुर्जी, भिंतीचा कायले फोटो काढून राह्यले? तिचं काय लगन जमवता?"

"आमच्या हिला दवाखान्यात पाठवायचा आहे," मी म्हणालो. तिचं हसू लगेच थांबलं. बायकोची चौकशी करून तिनं मला चहा दिला. तो फोटो धुऊन आला तेव्हा पाहिलं, माझ्या सावलीचं डोकं नेमकं एका रिकाम्या चौकोनात बसलं होतं. मला स्वतःचाच राग आला.

खरं सांगायचं तर, त्या फोटोंनी मला तगवलं. दिवसभर शाळेत चाळीस पोरं कालवा करत, पण घरी आलो की माझ्याशी बोलायला कुणी नसे. भाकर करपली तर करपली, कुणी नाक मुरडत नसे. कॅमेरा हातात घेतला की मात्र मनातल्या मनात तिला सांगत सुटे, हे बघ, ते बघ, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? तेवढा अर्धा तास मी एकटा नसे.

बसस्टँडजवळ एक फोटोवाला होता. माझे रोल तोच धुई. एकदा म्हणाला, "गुर्जी, फोटो झकास येऊन राह्यले, पण तुमचं भूत हरेक फोटोत हाये." मला लाज वाटली. त्यानं मला ऊन बाजूनं घ्यायला शिकवलं, थोडं थांबायला शिकवलं. मी त्याला बजावून ठेवलं, "आणि कुठे राहिलीच सावली, तर खालून कापूनच टाकत जा." मग माझे फोटो खरोखर चांगले यायला लागले. मीच ते पुन्हा पुन्हा बघत बसे.

तिची पत्रं मात्र आखूड होत गेली. "फोटो मिळाले. छान आहेत." बस. मला धसका बसला. हात चालत नसेल का, की माझ्यावर रुसली असेल?

दिवाळीच्या सुटीत गेलो. तिची खाट व्हरांड्यात होती. ती इतकी वाळली होती की मी आधी पलीकडच्या खाटेवर तिला शोधलं. बोलता बोलता तिनं उशीखालून फोटोंचा गठ्ठा काढला. सगळे जुने, सावलीवाले. सगळ्यात वर भिंतीचा, कडा मऊ पडलेला. माझे चांगले फोटो कुठे आहेत, विचारलं.

"वाटले," ती म्हणाली. "इथल्या बायांले आवडले. त्यांच्या घरून काहीच येत नाही."

मला लागलं ते. "एवढ्या मेहनतीनं काढले, अन् तू वाटून टाकले?"

"चांगलेच हायेत ते. पण त्याच्यात तुम्ही नाही. घर दिसते, घरात कोणीच दिसत नाही. मले वाटे, तुम्ही तं आता घरी राहतच नाही."

मी पिशवीतून कॅमेरा काढला.

रोलमध्ये शेवटचा एक फोटो शिल्लक होता. तुझा काढतो म्हटलं, तर तिनं पदर ओढून घेतला. "हे तोंड घरी नका नेऊ." मग तीच उठली, अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इथं या. सूर्य पाठीशी घ्या." आमच्या दोघांमध्ये हातभर अंतर ठेवायचं, असा तिथला दंडक होता. आम्ही तो पाळला. ऊन किंचित तिरपं होतं, त्यामुळे पुढे मातीवर मात्र आमच्या सावल्या एकमेकींना चिकटून पडल्या होत्या. मी खटका दाबला.

"हा लवकर पाठवा," ती म्हणाली.

परत आल्या आल्या रोल फोटोवाल्याकडे टाकला. त्याचा छपाईचा कागद संपला होता. आज येईल, उद्या येईल करत महिना गेला. तिचं एक पत्र आलं, त्यात दोनच ओळी होत्या आणि त्यातली एक त्या फोटोबद्दल होती. पौषात तार आली.

तेरावा झाल्यावर मी फोटोवाल्याकडे गेलो. पाकीट त्यानं तयार ठेवलं होतं. सात फोटो पूर्ण होते आणि आठवा म्हणजे एक अरुंद पट्टी. मेंदीचं कुंपण आणि वर थोडं आभाळ. खालचा सगळा भाग त्यानं नीट, सरळ रेषेत कापून टाकला होता. मीच सांगितलं होतं तसं.

मी त्याच्या बाकावर बसून राहिलो. निगेटिव्ह आहे का, एवढंच विचारलं. ती होती. तो आतल्या अंधाऱ्या खोलीत गेला, आणि बऱ्याच वेळानं ओला फोटो चिमटीत धरून बाहेर आला. उजेडात फिरवून फिरवून पाहिला.

"याच्यात तं काहीच नाही, गुर्जी. नुसती माती अन् दोन सावल्या."

"हाव," मी म्हणालो. "कापू नका."