पेपराने पकडलेला चोर

"पेपरात छापून आलंय साहेब! अजून कसला पुरावा पाहिजे तुम्हाला?"

पेणच्या ठाण्यात गणपती कारखान्याचे मालक असे गरजत होते, की धरमतरच्या खाडीतल्या बार्ज घाबरून आपोआप धक्क्याला लागल्या असतील. मागे शंभर माणसं. बरं, वीस असतील. आवाज शंभरांचा होता. पुढे निवृत्त होऊन माझी वर्दी उतरली, पण ती सकाळ डोक्यातून उतरली नाही.

चार फुटी मूर्तीचा साचा कारखान्यातून नाहीसा झाला होता. पेपराने तर थेट गुन्हेगारच हजर केला: 'कामगाराचाच डल्ला!' कामगार रोह्याकडच्या आदिवासी वाडीवरचा. बातमी वाचून मीही पेटलो आणि भरल्या वाडीतून त्याला उचलून आणला. आता तो बाकावर मान घालून बसला होता. गुन्हा दाखल झाला असता, तर पेणच्या एकाही कारखान्याने त्याला पुन्हा दारात उभं केलं नसतं.

त्या दिवशी ठाणे अंमलदार म्हणून एक हवालदार बाई होत्या. अंगाने काडी, पण त्यांनी नुसतं बघितलं तरी सराईत चोर आपणहून आजोबांपर्यंतची नावं सांगत. त्यांनी पेपर टेबलावर पसरला, पेन्सिल घेतली.

"साहेब, कोणी डोळ्यांनी पाहिलंय तेवढं ठेवते. बातमीदाराला नुसतं वाटलंय ते खोडते."

'संशयास्पद हालचाली' गेल्या. 'विश्वासघातकी वृत्ती' गेली. अख्ख्या बातमीत तीनच गोष्टी जिवंत राहिल्या: साचा नाही, कुलूप शाबूत, कामगार पोतं घेऊन रामवाडीच्या स्टॉपवर दिसला.

"दिसला कोणाला?"

स्टॉपवरच्या चहावाल्याला बोलावलं.

"मला दिसला. पोत्यात सुकट व्हती. वासानं माझी गिऱ्हाइकं उठली ना!"

"मग पेपरवाल्याला सांगितलं नाहीस?"

"त्यानं पोतं व्हतं का, एवढंच इचारलं."

बाई मालकांकडे वळल्या. "शेठ, तो साचा पोत्यात मावतो?"

"छे! रबर मावेल हो, पण वरचं प्लास्टरचं कवच? त्याला दोन गडी आणि टेम्पो..." मालकांचा आवाज तिथेच बसला.

"आणि कुलूप शाबूत. दुसरी किल्ली कोणाकडे?"

इतका वेळ सगळ्यात मोठ्याने ओरडणारे मालकांचे मेहुणे एकदम भिंतीकडे बघू लागले. मी त्यांना आत घेऊन तासभर असा गरजलो की छताचा पोपडा पडला. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, "टेम्पो कुठे गेला?"

"रोह्याला."

मेहुण्यांच्या मुलीचं लग्न तिथल्या एका कारखानदाराच्या घरी ठरत होतं. होणाऱ्या व्याह्यांनी ऐन हंगामात चार दिवसांसाठी साचा मागितला. नाही कसं म्हणणार? आणि मालक तर साचा सख्ख्या भावालाही देत नसत. गुपचूप परत आणून ठेवणार, तोच बातमी आली.

"छापून आल्यावर मलापण वाटलं साहेब, चोरीच झाली असणार!"

संध्याकाळी साचा परत आला. बंदुका रोखणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले, स्वतःलाही त्यांत धरतो. पण पेन्सिलीने माणूस सोडवणारी ती एकच बाई. आजही मी बातमी वाचायला घेतली की आधी विचारतो, यातलं कोणी पाहिलंय किती आणि कोणाला वाटलंय किती?

कामगाराला निरोप देताना मी रुबाबात म्हटलं, "उद्या पेपरात खुलासा येतोय. नाव साफ तुझं!"

"आमच्या वाडीवर पेपर येत नाय, साहेब," तो म्हणाला. "पोलीस आले व्हते."