मी ठेवलेलं नाव

कॉलेजच्या जुन्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सकाळी एवढंच आलं, 'चाळण गेला.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि मग कुणीतरी विचारलं, 'अरे, त्याचं खरं नाव काय होतं?' सुधाकर. मला पक्कं आठवत होतं, कारण चाळण हे नाव मीच ठेवलेलं. हसू नका... किंवा हसा, आम्ही तर जन्मभर हसलो.

अलिबागला आमच्या कॉलेजात फुटबॉलची टीम पहिल्यांदाच उभी राहिली, त्या वर्षीची गोष्ट. मैदान कसलं, ओहोटीला उघडी पडणारी पुळण आणि गोलांना सुरूचे चार वासे. सुधाकर तळा तालुक्यातल्या भातशेतीवाल्या घरातला, बांधांवरून पळून पळून तयार झालेला. चेंडू घेऊन सुटला की कुणाच्या बापाला सापडायचा नाही. पुढे खेळायची जागा त्याचीच होती, आणि ती मला हवी होती! गोलात उभं राहायला कुणी तयार होईना, तेव्हा सरांनी चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या. कॅप्टन म्हणून त्या लिहिल्या मी. अकराच्या अकरा चिठ्ठ्यांवर एकच नाव... सरांनी एक उचलली, बाकीच्या मी गुपचूप समुद्रात टाकल्या. हे त्याला मी कधीच सांगितलं नाही.

त्या मोसमात पाच सामने खेळलो, पाचही हरलो. शेवटच्यात नऊ गोल खाल्ले. त्याच्या जागी पुढे खेळून मी काय दिवे लावले ते विचारू नका. परतीच्या एसटीत सगळे माना खाली घालून बसलेले, सर माझ्याकडेच बघत होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हटलं, "हा गोलकीपर कसला, चाळण आहे चाळण!" सगळी गाडी हसली. सुधाकरही हसला. मग माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "पुढच्या साली मला पुढं खेळव रे. एकच मॅच." मी म्हटलं, बघू. पुढच्या वर्षी कॉलेजने टीमच मोडली.

नाव मात्र टिकलं. त्याने तळ्याला किराणा दुकान टाकलं, तर तिथली पोरंही 'चाळणकाका' म्हणायला लागली. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला तेव्हा चहाही न घेता म्हणाला, "लग्नात तेवढं चाळण म्हनू नको. व्याही हरेश्वरचे हायत, त्यांना ठावं न्हाय." मी शब्द दिला. आणि भर पंगतीत ओरडलो, "ए चाळण, इकडे भात!" व्याह्यांनी विचारलं, हे काय नाव? मग मी नऊच्या नऊ गोल हातवारे करून सांगितले. मांडव हसत होता. सुधाकर भाताचं पातेलं घेऊन तसाच उभा होता. मला तेव्हा मजा वाटली, हे लिहिताना आज स्वतःची किळस येते.

दिवसांना तळ्याला गेलो. नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता. भल्या मोठ्या अक्षरांत 'आपले लाडके चाळणकाका', आणि खरं नाव खाली बारीक, कंसात. तडक त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला, विमलवहिनींना म्हटलं, "वहिनी, तो फ्लेक्स उतरवू या. मी आजच दुसरा करून आणतो, नुसत्या नावाचा."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पयला तसाच लावला व्हता, भाऊजी. दोन दिस दारात कुनी आलं न्हाय. सुधाकर कोन, ते कुनाला कळंचना."