खडखडणारा शंख

नखाएवढ्या समुद्री गोगलगाईंचे शंख माळांसाठी निवडायचे, हे वहिनीचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शंख कानाशी हलवायचा. खडखडला तर गोगलगाय आतच वाळलीय, तो बाजूला ठेवायचा. घरीसुद्धा ती काड्यापेटी, डबे, सगळं हलवून बघे.

“एक दिवस माझं डोकंही हलवशील, आत काही आहे का बघायला,” नवरा म्हणायचा.

तो गेला तेव्हा तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. नणंद त्याचं सामान आवरायला आली. शर्ट, चपला, पट्टा. वहिनी नुसती “दे टाकून” म्हणत गेली. नणंदेने चष्म्याचं घर पुढे केलं. वहिनीने सवयीने ते कानाशी हलवलं. खडखडलं.

“हे बाजूला ठेव,” ती म्हणाली.