भंगारात न गेलेली गाडी

"भटू आप्पा गया," एवढंच फोनवर ऐकू आलं. तोरणमाळच्या घाटात गाडी कातळावर आदळली होती. मी पोचलो तेव्हा पत्रा कापून त्याला बाहेर काढत होते. स्टिअरिंग छातीत रुतलं होतं. ओळखू येण्यासारखा फक्त उजवा हात उरला होता, ऑइलने काळ्या पडलेल्या नखांचा... त्याला आता महिना झाला.

भटू माझा पुरुषोत्तमनगरचा बालमित्र, पुढे शहाद्यातला मेकॅनिक. जुनी गाडी घ्यायची तर लोक आधी त्याला घेऊन जात. बॉनेट तो नंतर उघडायचा, आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून सुरतेकडून आपल्याकडे येते, पण पट्ट्याच्या आतल्या टोकाचा गाळ कुणी धूत नाही. संताप मात्र जमदग्नीचा. एका दलालाने असली गाडी एका शिक्षिकेच्या गळ्यात मारली, तेव्हा भटूने भर बाजारात त्याचे दोन दात पाडले. वर पोलीस चौकीत चहा पिऊन आला.

आणि मी, त्याचा जिवलग, त्याला न विचारता विलायती गाडी घेऊन आलो. देशी गाड्या काय, गल्लीत सगळ्यांकडेच आहेत, म्हटलं जरा ऐट करू. भटूने पट्टा ओढला. गाळ निघाला. त्याने आधी माझ्या थोबाडीत दिली, मग टॉमीची लोखंडी कांब उचलून काच फोडली, बॉनेटवर घाव घातला. म्हणाला, "जिना पार्ट तळोदाले भेटत नही, ती गाडी आपली नही. ब्रेकन्या नळ्या सडी गयात. भंगारमा दे, नहीतर कोनाना तरी जीव लेई."

चार लोकांसमोर मार खाल्ल्याचा राग माझ्या डोक्यातून जाईना. मी काच बदलली आणि दुसऱ्याच एका दलालामार्फत ती गाडी तोरणमाळच्या एका प्रवासी नेणाऱ्याला गुपचूप विकली. भटूला सांगितलं, भंगारात दिली.

मग अपघाताच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "खरं सांग, ती गाडी कोठे शे?"

"भंगारमा," मी म्हणालो.

"बरं," म्हणून त्याने फोन ठेवला. तळोद्याच्या स्टँडवर बॉनेटवरचा आपलाच घाव त्याने ओळखला होता, हे मला नंतर कळलं. तो तसाच तिच्या मागोमाग तोरणमाळला गेला, त्या प्रवासी नेणाऱ्याला स्वतःची जीप देऊन टाकली आणि ती गाडी भंगारात घालायला एकटा घाट उतरायला निघाला. ब्रेकशिवायही गाडी उतरवीन, ही त्याची जुनी घमेंड. वळणावर समोरून माणसांनी भरलेली दुसरीच एक जीप आली. त्या जीपमधले सगळे सांगतात, त्याने स्टिअरिंग मुद्दाम कातळाकडे फिरवलं.

परवा वहिनींसोबत त्याचं गॅरेज आवरायला गेलो. खिळ्याला त्याचा खाकी शर्ट तसाच अडकवलेला होता. खिशातले नट काढता काढता वहिनींनी विचारलं, "भाऊ, त्या मानूसले ती गाडी कोन्ही इकी व्हई?" विकणाऱ्याचं नाव मला ठाऊक होतं, तरी मी म्हणालो, "माहीत नही." त्यांनी शर्टाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली, म्हणाल्या, तुम्हीच ठेवा, तुमच्यावर त्यांचा फार जीव होता... तो माझ्या कपाटात आहे. दर रविवारी वहिनी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात.

वहिनी, मीच इकी.