हिच्या फराळासाठी घेतलेला लॅपटॉप

हिचा फोन मी बंद केला नाही. ती फाल्गुनात गेली. दहावं, बारावं, तेरावं झालं, पाहुणे गेले, मुलगी अँटॉप हिलला आपल्या घरी गेली, आणि खोलीत मी आणि तो फोन उरलो. रोज चार्जिंगला लावायचो. कशासाठी, ते विचारू नका. लावायचो.

गणपती गेले आणि फोन वाजायला लागला.

"ताई, यंदा फराळाचं आधीच सांगून ठेवते हां."

"ताई वारल्या," मी सांगायचो. मला गोड करून सांगता येत नाही.

मग पलीकडून कधी, कसं, आम्हाला कळलंच नाही. फणसवाडीतल्या एक बाई तर रडल्या. खोटं नाही, खरंच रडल्या. आठ-दहा वर्षं हिच्याकडून फराळ नेत होत्या. मग नाक ओढून हळूच म्हणाल्या, "म्हणजे यंदा फराळ नाही का हो?"

मला असा राग आला. म्हटलं, बाई गेली माझी आणि हिला चकली पडलीय. पण तोंडातून भलतंच निघालं. "कोण म्हणतं नाही? आहे. बोला, काय काय पाहिजे?"

बोलून गेलो आणि मग डोकं धरून बसलो.

आता हे फराळाचं काय, ते सांगतो. गिरणी बंद पडली आणि मी घरी बसलो, तेव्हा हिने लालबागच्या आमच्या चाळीतल्या चार बाया गोळा केल्या आणि दिवाळीचा फराळ करून विकायला सुरुवात केली. चकली, चिवडा, शंकरपाळे, करंज्या, बेसनाचे लाडू. पार गिरगावापासून दादरपर्यंत डबे जायचे. तळायला सगळ्या होत्या, पण कोणाला काय, किती, कधी, हे एकटी ही बघायची. कॉटन ग्रीनच्या डॉक्टरीणबाईंना लाडूत साखर कमी. अमक्यांची सून गुजराती, तिला चिवड्यात लसूण नको. सगळं डोक्यात. कधी एक अक्षर लिहिलं नाही. गेली ती सगळं घेऊन गेली.

शेजारच्या वहिनी त्या चौघींतल्या मोठ्या. मूळच्या मालवणकडच्या, तोंडाने माझ्याहून फटकळ. त्यांना मी सांगितलं की फणसवाडीला हो म्हणून बसलोय.

"हो म्हणूक तुमचा काय जाता," त्या म्हणाल्या. "हात आमचे हत, आम्ही तळू. पण बाकीचा कोण बघतला? त्यापेक्षा यंदा बंद करूया, भावोजी. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी काय बघणार? मी साचेखात्यात होतो, कापड विणायच्या साच्यांवर. 'थोडे दिवस बंद' म्हणजे काय असतं, ते आम्हाला कोणी शिकवायला नको. एक दिवाळी चुकली की गिऱ्हाईक दुकानातलं पाकीट घेतं, आणि एकदा घेतलं की परत येत नाही. चार बायांचं काम जाणार. आणि हिने उभं केलेलं ते हिच्या मागोमाग जाणार. मी म्हटलं, "मी बघतला."

"तुम्ही?" वहिनी हसल्या. "तुमका घरातला मीठ गावत नाय."

ते खरं होतं.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, फोनवर लिहून ठेवत जा. फोनवरची अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात. वहीत लिहायचं तर माझं अक्षर मलाच लागत नाही, चौथीपर्यंतची शाळा. मग तीच म्हणाली, "लॅपटॉप घेऊया. मोठी अक्षरं, खाडाखोड नाही, आणि बेरीज तोच करेल."

दादरला गेलो दोघं. जिना चढून वर दुकान. पोरीने एक चंदेरी, पातळ, पापडासारखा हातात घेतला. मी म्हटलं, हा वहिनींच्या हाताखाली टिकायचा नाही. कोपऱ्यात एक काळा होता. चकाकी नाही, फुलंपानं नाही, ठोकळा. विचारलं, हा काय?

दुकानदार म्हणाला, "काका, हा ऑफिसवाल्यांचा. स्वस्तातला आहे, पण कामाचा. दिसायला काही नाही."

"मला काय त्याच्याशी लग्न करायचंय? चालतो ना?"

"दिवसभर चालवा."

मी झाकणावर बोटाने टकटक केलं. उघडून बघितला. बिजागरी घट्ट, पण अडत नाही. आणि पार मागे जाऊन टेबलावर सपाट आडवा झाला, पुस्तकासारखा. मला आवडलंच ते. मशीन चांगली की वाईट, ते तिचे सांधे सांगतात. पोरगी चंदेरीकडे बघत होती. मी म्हटलं, हाच.

घरी आणला आणि खरं सांगतो, मला रात्री झोप नाही. ती गेल्यापासून झोप नव्हतीच, पण ती वेगळी. ही लहानपणी जत्रेला जायच्या आदल्या रात्रीची.

पहिल्याच दिवशी भानगड. पोरगी म्हणाली, हे बोट लावलं की उघडतो, पासवर्ड लक्षात ठेवायला नको. अंगठा लावला. ओळखेना. दुसरा लावला. ओळखेना. इतकी वर्षं सूत जोडून जोडून बोटांच्या रेघा झिजल्यात, त्याला बिचाऱ्याला दिसणार काय? शेवटी डाव्या हाताची करंगळी लावली, ती त्याने घेतली. करंगळीने आयुष्यात कधी काम केलं नव्हतं, आता तिलाच नोकरी लागली.

पोरीने बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावून दिले. एक मोठा चौकटींचा कागद करून दिला. नाव, कुठे राहतात, चकली, चिवडा, लाडू, आणि शेवटी एक रुंद रकाना, साखर कमी, लसूण नको, असलं लिहायला. मी एका बोटाने लिहायचो. चकलीच्या रकान्यात आकडा टाकला की खालची बेरीज आपोआप बदलायची. मी उगाच एक आकडा घालायचो, पुसायचो, परत घालायचो. वहिनी दारातून बघत होत्या. "पोर झालास काय?" म्हणाल्या. आणि मग आत येऊन, "करंज्या किती झाल्या, बघा बघू."

मशीन झकास, ते मी कोणालाही सांगेन. दुपारी गॅलरीत बसून काम केलं तरी त्याच्यात ऊन चमकत नाही. बटणं खोल आहेत, दाबली की कळतं. वीज गेली तरी संध्याकाळपर्यंत चालतो. कॅमेऱ्यावर एक इवलंसं झाकण आहे, सरकवलं की डोळा मिटतो. वहिनींनी ते आधी बंद करून घेतलं, मग पुढ्यात बसल्या. वाईट काय, तर आवाज. मेल्यासारखा बारीक. आणि रंग फिके. पोरीने चकलीचा फोटो दाखवला, तर ती उपासाची वाटली. पण मला कुठे त्याच्यावर सिनेमा बघायचा होता?

हिच्या फोनमध्ये जेवढी नावं होती, तेवढ्या सगळ्यांना मी फोन लावले. नाव सांगायचो, ती वारली म्हणायचो, फराळ आहे म्हणायचो. रोज रकाने भरायचे. माझ्या खोलीचं ऑफिसच झालं. तळण मात्र वहिनींच्या खोलीत ठरलं, कारण माणूस गेल्यावर वर्षाच्या आत त्या घरात कढई चढवत नाहीत.

पोरगी म्हणाली होती, बाबा, ह्याची एक कॉपी इंटरनेटवर वर ठेवूया. मी म्हटलं, आपलं सामान दुसऱ्याच्या माळ्यावर कशाला?

दसरा आला.

आता ऐका. गिरणीत आम्ही दसऱ्याला साच्यांची पूजा करायचो. धुऊनपुसून, झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. ज्या मशीनने वर्षभर पोटाला घातलं, तिला एक दिवस हात जोडायचे. त्याच्यात मला चूक काही दिसत नाही, आजही दिसत नाही. सकाळी पाट मांडला, त्याच्यावर लॅपटॉप सपाट उघडून ठेवला. चालू होता. म्हटलं, त्याला कळू दे.

वहिनी आल्या. "वर्स सरूक नाय अजून, आणि पूजा कसली?"

"घरची नाही. मशीनची."

"मशीन घरातच आसा ना?"

"मशीनला सुतक नसतं," मी म्हटलं. हे कुठून आणलं, देव जाणे.

कुंकू लावलं. अक्षता टाकल्या, त्या बटणांच्या फटीत गेल्या. झेंडू ठेवला. मग नारळ. साच्यापुढे फोडायचो तसाच पाटाच्या कडेवर आपटला, आणि नेहमीसारखा त्याच्या पाण्याचा शिपका मशीनवर दिला. साचा केवढा, हा केवढा. शिपका कसला, अर्धा नारळ त्याच्या पोटात गेला.

पडदा एकदा थरथरला आणि काळा झाला.

चार बायांची दिवाळी, हिची सगळी माणसं, सगळी त्याच्यात होती आणि दुसरीकडे कुठेच नव्हती.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही लॅपटॉपवर नारळ फोडलात?"

"वर नाही. शेजारी."

तिने दुकानदाराला लावला. तो म्हणाला, काकांना सांगा, ताबडतोब उलटा करा आणि दोन दिवस बटणाला हात लावू नका. ऑफिसवाले चहा सांडतात म्हणून ह्या मशीनला खालून भोकं असतात, पाणी निघून जायला. चालला तर चालला, मी जबाबदारी घेत नाही.

उलटा केला. खरंच खालून नारळाचं पाणी ठिबकलं, त्याच्याबरोबर दोन अक्षता. पंख्याखाली फडक्यावर ठेवला. चौघींतली एक बाई म्हणाली, तांदळाच्या डब्यात घाला, तांदूळ पाणी ओढतात. मी म्हटलं, तांदूळ आत आहेतच.

पण बसून राहून चालणार नव्हतं. चकलीची भाजणी दळायला द्यायची तर किती द्यायची, ते ठरवायला हवं होतं. शेवटी हिचा फोन घेतला आणि पहिल्यापासून सगळ्यांना परत लावला. ह्या वेळी वहिनी शेजारी बसल्या, मी विचारायचो, त्या लक्षात ठेवायच्या.

"अहो काका, परवा तर सांगितलं ना?"

"परवाचं नारळात गेलं. परत सांगा."

लोक हसले. हसून झाल्यावर बोलायला लागले. कोणी म्हणालं, ताई आधी माझ्या गुडघ्याचं विचारायच्या, मग ऑर्डर घ्यायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्या मुलीच्या लग्नात तुमची बायको तळणीला उभी राहिली होती, तुम्हाला माहीत नाही? मला माहीत नव्हतं. कुठे जाते, विचारलं असेल, तिने सांगितलं असेल, मी पेपरात तोंड घालून बसलो असेन. पहिल्या खेपेला मी सगळ्यांना घाईघाईने विचारून फोन ठेवला होता. आता ठेवावासा वाटत नव्हता.

दोन दिवसांनी चौघी जणी माझ्या खोलीत. मी करंगळी पुसली. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं, दाबून धरलं. बारीकसा दिवा लागला, पंखा कुरकुरला, आणि पडदा पांढरा झाला. मी करंगळी लावली. उघडला. रकाने सगळे जागच्या जागी.

वहिनींनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मीच बंद पडलो असतो. खाली किराणावाल्यापर्यंत आवाज गेला. एकच बटण तेवढं चिकट झालं, दाबलं की वर यायला वेळ घेतं. घेऊ दे. पोरीला म्हटलं, ठेव बाई तुझी ती कॉपी, कुठे ठेवायची तिथे.

फोनवर दुसऱ्यांदा घेतलेलं आणि ह्याच्यातलं जुळवलं. कोणी दुसऱ्या खेपेला लाडू वाढवून सांगितले होते. वहिनींच्या लक्षात सगळं होतं, माझ्याहून बरं. मी लिहीत गेलो.

मग भाजणी दळून आली, कढई चढली, आणि पुढचे दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. गॅलरीभर तेलाचा वास, पायाखाली पुरचुंड्या, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन नावं वाचतोय आणि आतून बाया ओरडतायत, हळू वाचा, पळतंय काय कोण? डबे भरले की मी त्या नावापुढे खूण करायचो. फणसवाडीचा डबा निघाला तेव्हा ती खूण मी दोनदा केली.

सगळ्यात आधी चकलीचा पहिला घाणा निघाला होता. वहिनींनी ताटलीत दोन आणून माझ्यापुढे ठेवल्या आणि उभ्याच राहिल्या. आतल्या तिघीही झारा, सोऱ्या सोडून दारात आल्या.

मी खाल्ली. खुसखुशीत होती. तिखटही बरं होतं.

"तिच्यासारखी नाही," मी म्हटलं.

"होवचीच नाय," वहिनी म्हणाल्या. "गप खावा. पुढचा नाव वाचा."

दुसरी चकली तोंडात घातली आणि वाचलं.