पेंडिंग राहिलेलं झंपर

फोन आला तेव्हा मी एका नवरीच्या ब्लाऊजला हुक लावत बसले होते. चौसाळ्यात हायवेच्या कडेला माझं शिलाईचं दुकान आहे, ट्रकांच्या आवाजात निम्मं ऐकू येतं, निम्मं नाही. भाऊ म्हणाला, "कौसा आत्या गेली. सकाळी चहा मागितला, अन् कप खाली ठेवायच्या आधीच..." मी शटर ओढलं आणि माहेरची, उमापूरची वाट धरली. निघताना खुंटीवरच्या हिरव्या झंपराकडं माझी नजर गेली होती, हे मला पक्कं आठवतं. तरी मी ते पिशवीत टाकलं नाही. त्याची लाज गेले काही आठवडे जीव खातेय.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचे मालक, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, मेंढरं विकायला बाजाराला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. मेंढरं विकलेली लोकांनी पाहिली, माणूस कुठं गेला ते कुणी पाहिलं नाही. ना मढं सापडलं, ना दुसरं घर केल्याची खबर. सासरच्यांनी थोडी वाट पाहिली आणि तिला माहेरी आणून सोडलं. ती आमच्याच घरात म्हातारी झाली... गळ्यात काळी पोत, कपाळाला मुगाएवढं कुंकू.

निराधारांचा पगार तरी मिळावा म्हणून वडील तिला तालुक्याच्या कचेरीत घेऊन जात. विधवा म्हणावं तर नवरा मेल्याचा पुरावा नाही, नवरा आहे म्हणावं तर दाखवा कुठंय. खिडकीतला माणूस दरवेळी म्हणे, "पेंडिंग हाय." एकदा आत्यानं त्याला सरळ विचारलं, "पेंडिंग म्हंजी काय रं बाबा?" तो बिचारा म्हणाला, "हो बी न्हाई अन् न्हाई बी न्हाई, मावशी. मदीच." पगार काही तिला मिळाला नाही, पण शब्द लई आवडला. माझ्यासाठीच केलाय जणू, म्हणाली. मग घरात सगळं पेंडिंग झालं. विरजण लावलेलं दूध पेंडिंग. गाभण शेळी पेंडिंग. पाहुणे पोरगी बघून गेले अन् निरोप धाडेनात, तर ते लगीन पेंडिंग. भाऊ मुद्दाम खोडी काढायचा, "आत्या, झाल्या का भाकरी?" "पेंडिंग हाय, बस गप." आम्ही पोटभर हसायचो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र बायका तिच्यापाशी आल्या की करंड्यातलं बोट तिथंच थांबायचं. लावावं की न लावावं? मग आत्याच त्यांना सोडवायची, "फुडं व्हय बाई, माजं पेंडिंग हाय." तेव्हाही ती हसायची, पण तिच्याशिवाय कुणी हसत नसे.

वडील गेल्यानंतर एकदा ती एसटीनं एकटीच माझ्या दुकानात आली. पदराखालून हिरवा खण काढला आणि माप द्यायला उभी राहिली. म्हणाली, "कापून ठिव, कच्ची टीप मार. पक्कं शिवू नको."

"कावून गं?"

"मी मेले की पक्कं कर अन् मला घाल. सवाशीण म्हणून जायचंय मला. जितेपणी कुणी निकाल दिला न्हाई, तवा तरी लागू दे."

मी बरं म्हणाले. त्यावर ती इतकी खूश झाली की समोरच्या गाड्यावरची भजी मलाच आणून खाऊ घातली.

उमापूरला पोचले तेव्हा आंघोळ घालून आत्याला ओसरीवर ठेवलं होतं आणि बायकांत दोन तट पडले होते. सवाशीण गेली तर हिरवी साडी, मळवट, ओटी. विधवेला यातलं काही नाही. एक म्हणे, "आता तिचा मालक कशाचा जित्ता असतोय?" दुसरी म्हणे, "मेलेलं तरी कुणी बघितलं?" आत्या मधे पडलेली आणि तिच्या अंगावरून हे चाललेलं. माझ्या मुलीचं लग्न ठरत आलंय, तिच्या होणाऱ्या सासरच्या बायका तिथंच बसल्या होत्या. विधवेचा मळवट भरला तर घरातल्या सवाशिणींना बाधतं, असं त्यांच्यातली एक हळूच बोलली. मला सांगायचं होतं, तिनं माझ्याजवळ सांगून ठेवलंय, खण देऊन ठेवलाय. एवढी दोन वाक्यं. मी ती गिळली आणि पदर तोंडाला लावून रडत बसले, म्हणजे कुणी मला विचारू नये.

शेवटी आमचे चुलते आण्णा दारातून म्हणाले, "हिरवं बी नगं, पांढरं बी नगं. हाय त्याच लुगड्यात न्या. ऊन चढलंय." सगळ्यांना हायसं वाटलं. खरं सांगते, मलाही वाटलं. आंघोळीत तिचं ते मुगाएवढं कुंकू धुऊन गेलं होतं, तेवढंसुद्धा कुणी परत लावलं नाही. उठून लावायचं तर मला कुणी धरून ठेवलं नव्हतं...

परवा ती नवरी ब्लाऊज न्यायला आली. खुंटीकडं बघून म्हणाली, "ताई, ह्ये कुणाचं? कवाचं लटकतंय." तोच शब्द माझ्या ओठावर आला, पण म्हणवेना. "आत्याचं," एवढंच म्हणाले. ती गेल्यावर झंपर खाली काढलं, मशीनला हिरवा दोरा ओवला आणि कच्च्या टिपेवरून पक्की टीप मारली. काजं केली, हुक लावले, इस्त्री फिरवली. दुकानात झालेले कपडे एका बाजूला असतात आणि राहिलेले खुंटीवर. ते झालेल्यांत ठेवायला गेले, हात पुढं होईना. परत खुंटीलाच अडकवलं. माप आत्याचं आहे, दुसऱ्या कुणाला बसायचं नाही.